जानलुका वियाली: लोक परत परत विचारतात ते प्रश्न

२०२१ च्या युरो फायनलनंतर आणि मग जानेवारी २०२३ मध्ये तो गेल्यानंतर मला वियालीबद्दल एवढे मेसेज आले की तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. प्रश्नांना नंबर दिलेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला नंबर सांगितलाय.

१. हा वियाली नक्की कोण? एका दमात सांगा.

इटलीचा स्ट्रायकर. जन्म ९ जुलै १९६४, गाव क्रेमोना. क्रेमोनेसे, सॅम्पदोरिया, युव्हेंटस आणि चेल्सी अशा चारच क्लबांकडून खेळला. चेल्सीत असतानाच ३३ व्या वर्षी मॅनेजर झाला आणि अडीच वर्षांत पाच ट्रॉफ्या जिंकल्या. नंतर एक सीझन वॉटफर्ड, मग टीव्हीवर एक्स्पर्ट, आणि शेवटी इटलीच्या नॅशनल टीमबरोबर २०२१ चा युरो कप. ६ जानेवारी २०२३ ला लंडनमध्ये कॅन्सरने गेला, तेव्हा ५८ वर्षांचा होता. बाकी सगळं खाली आहेच.

२. नाव जियानलुका की जानलुका? आणि ते 'स्ट्राडिवियाली' काय प्रकार आहे?

जानलुका. इटालियनमध्ये तो 'जिया' तोडून म्हणत नाहीत, 'जा' असाच येतो. आपल्याकडे जुन्या कॉमेंट्रीमुळे जियानलुका तोंडात बसलंय, काही बिघडत नाही.

'स्ट्राडिवियाली' हे नाव त्याला जान्नी ब्रेरा या इटलीच्या फार मोठ्या क्रीडा पत्रकाराने दिलं. क्रेमोना म्हणजे व्हायोलिनचं गाव, अंतोनियो स्त्रादिवारी तिथलाच, ज्याची व्हायोलिनं आज कोट्यवधींना जातात. त्याचं आडनाव आणि ह्याचं आडनाव जोडून टाकलं. एखाद्या पोराच्या पायात त्या गावची कारागिरी उतरलीये असं म्हणायचं होतं त्यांना, आणि मला हे टोपणनाव फुटबॉलमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

३. तोसुद्धा गरिबीतून वर आलेला का? बहुतेक फुटबॉलर तसेच असतात ना.

अजिबात नाही. वडिलांचा बांधकामाचा धंदा होता, पैसा भरपूर, आणि घर म्हणजे क्रेमोनाजवळचा साठ खोल्यांचा जुना वाडा! पाच भावंडांत हा धाकटा. इटलीत त्याच्या जमान्यात अशा घरातला मुलगा प्रोफेशनल फुटबॉलर होणं दुर्मिळच होतं. त्याच्या वागण्यातली ती सहजता, कपड्यांची आवड, पुढे लंडनमध्ये पटकन रुळणं, हे थोडंफार घरातूनच आलं असावं असं मला वाटतं. पण मैदानावर तो श्रीमंताघरच्या पोरासारखा कधीच खेळला नाही. डिफेंडरच्या अंगावर धावून जाणारा, चिखलात लोळणारा, पडलेला बॉल परत मिळवायला चाळीस मीटर मागे पळणारा स्ट्रायकर होता तो.

४. सुरुवात कुठे केली?

गावच्याच क्रेमोनेसेमध्ये, १९८० साली, टीम तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. चार वर्षांत क्लब तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि १९८४ ला थेट सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या टॉप लीगमध्ये, गेला, तेही ५४ वर्षांनी. गंमत म्हणजे ज्या वर्षी टीम वर पोहोचली त्याच उन्हाळ्यात वियालीला सॅम्पदोरियाने घेतलं, त्यामुळे क्रेमोनेसेकडून तो सेरी ए मध्ये खेळलाच नाही. तिथे तो जास्त करून विंगवरून खेळायचा, गोल २३ च आहेत लीगमध्ये.

५. सॅम्पदोरियाचं एवढं कौतुक का करतात? एकदाच तर लीग जिंकलीये त्यांनी.

एकदाच जिंकलीये म्हणूनच तर.

हे समजायला त्या वेळची सेरी ए डोळ्यासमोर आणा. नापोलीत मॅराडोना, मिलानमध्ये व्हॅन बास्टन, गुलिट आणि रायकार्ड, इंटरमध्ये मॅथेउस. जगातले सगळे भारी प्लेयर एकाच लीगमध्ये. आणि जेनोआ शहरातला हा क्लब १९४६ साली दोन जुने क्लब एकत्र करून बनवलेला, म्हणूनच त्यांच्या निळ्या शर्टावर छातीवर पांढरा, लाल, काळा असे पट्टे असतात, दोन्ही क्लबांचे रंग सांभाळलेत त्यात. मालक पाओलो मान्तोव्हानी, ज्याने पोरांना आपल्या मुलांसारखं जपलं. कोच वुयादिन बोश्कोव्ह, युगोस्लाव्हियाचा म्हातारा, प्रेस कॉन्फरन्समधली त्याची वाक्यं लोकांना अजून पाठ आहेत.

मान्तोव्हानीने तरुण पोरं गोळा केली, पल्युका गोलमध्ये, व्हिएर्कोवूद मागे, लोम्बार्दो उजव्या बाजूला, मान्चिनी आणि वियाली पुढे, आणि ती पोरं मोठ्या क्लबांच्या ऑफर सोडून वर्षानुवर्षं एकत्र राहिली. १९८५, १९८८, १९८९ असा तीनदा कोप्पा इटालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला. ८८-८९ च्या कोप्पामध्ये एकट्या वियालीचे १३ गोल आहेत. १९९० ला कप विनर्स कप (देशोदेशींच्या कप विजेत्यांची युरोपातली स्पर्धा), फायनलला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अँडरलेख्तविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये दोन गोल, दोन्ही वियालीचे.

आणि मग १९९०-९१ ची लीग. तो १९ गोल मारून सेरी ए चा टॉप स्कोअरर. ५ मे ला सान सिरोवर इंटरशी मॅच होती, खरी फायनलच म्हणा, इंटरने हल्ल्यामागून हल्ले केले, मॅथेउसची पेनल्टी पल्युकाने अडवली, आणि सॅम्प २-० ने जिंकली, दोसेनाचा एक आणि वियालीचा एक. दोन आठवड्यांनी १९ मे ला घरच्या मैदानावर लेच्चेला ३-० हरवून चॅम्पियन. वियालीने त्या आनंदात केस पिवळेधमक करून घेतले, ते फोटो जरूर बघा. त्यानंतर आजपर्यंत सॅम्पदोरियाला दुसरी लीग मिळालेली नाही.

६. मान्चिनी आणि त्याची दोस्ती खरंच तेवढी होती, की नंतर बनवलेली स्टोरी?

खरी. इटलीत त्यांना 'गोलची जुळी भावंडं' म्हणायचे. मान्चिनीचा जन्मही १९६४ चाच, नोव्हेंबरचा. आठ सीझन शेजारीशेजारी खेळले. मान्चिनी थोडा मागे राहून पास काढणार आणि वियाली पुढे पळणार, बऱ्याचदा मान्चिनी न बघताच बॉल द्यायचा कारण हा कुठे असणार ते त्याला माहीत असायचं. स्वभाव उलटे, मान्चिनी पटकन भडकणारा आणि वियाली हसवणारा. ही दोस्ती पुढे कुठे जाऊन पोहोचली ते प्रश्न २० मध्ये.

७. १९९२ च्या वेम्बली फायनलमध्ये काय झालं? सगळे त्याबद्दल एवढं हळवं का बोलतात?

लीग जिंकल्यामुळे सॅम्प पुढच्या वर्षी युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) खेळली आणि थेट फायनलला पोचली. २० मे १९९२, वेम्बली, समोर क्रायफची बार्सिलोना, मधे तरुण गार्डिओला. वियालीला चांगले चान्स मिळाले, एक तर गोलकीपरच्या डोक्यावरून उचललेला बॉल पोस्टच्या बाहेरून गेला. ९० मिनिटांत ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये शंभराव्या मिनिटाला बोश्कोव्हने वियालीला बाहेर काढलं, आणि ११२ व्या मिनिटाला बार्सिलोनाच्या कूमनची ती फ्री किक, थेट गोल, ०-१. बसला होता तो बेंचवर, बघत.

आणि ती त्याची सॅम्पसाठीची शेवटची मॅच, कारण युव्हेंटसशी बोलणी झालेली होती. म्हणजे आठ वर्षांचा संसार असा संपला. फायनल कुणीही हरतं, पण त्या टीमची ती एकच संधी होती आणि सगळ्यांना तेव्हाच ते कळत होतं, म्हणून ते एवढं लागतं.

८. तो जगातला सगळ्यात महागडा प्लेयर होता म्हणे?

होता, पण काही आठवडेच. १९९२ च्या त्या एका उन्हाळ्यात रेकॉर्ड तीनदा मोडला. आधी मिलानने पापँला घेतलं, मग युव्हेंटसने वियालीला साधारण १.२ कोटी पौंडांना, आणि मग पुन्हा मिलानने लेन्तिनीला त्याहून जास्त देऊन. त्यामुळे दोन ठिकाणी दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

९. युव्हेंटसमध्ये फ्लॉप गेला असं ऐकलंय. खरं का?

पहिली दोन वर्षं जड गेली हे खरं. दुखापती, पायाचं हाड मोडणं, टीमही नीट बसलेली नव्हती. तरी पहिल्याच वर्षी, १९९३ ला, युएफा कप मिळाला. १९९४ ला मार्चेल्लो लिप्पी कोच म्हणून आला आणि चित्रच पालटलं. वियाली, रावानेल्ली आणि बाज्जो किंवा पोरसवदा देल पिएरो असे तिघं पुढे, आणि तिघंही डिफेंडरांना श्वास घेऊ द्यायचे नाहीत. १९९५ ला लीग आणि कोप्पा इटालिया दोन्ही.

मग २२ मे १९९६, रोमला चॅम्पियन्स लीग फायनल, आयॅक्सशी १-१ आणि पेनल्टीवर ४-२. कप उचलला तो कॅप्टन वियालीने, आणि ती युव्हेंटससाठी त्याची शेवटची मॅच! वेम्बलीला हुकलेला कप चार वर्षांनी हातात घेऊनच त्याने क्लब सोडला. त्यानंतर युव्हेंटस चॅम्पियन्स लीगच्या पाच फायनल खेळून पाचही हरलीये, तेव्हा फ्लॉप म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

१०. इटलीकडून फक्त १६ गोल? एवढा मोठा स्ट्रायकर असून?

५९ मॅच, १६ गोल. आकडा कमी दिसतो, मान्य. १९८६ च्या वर्ल्डकपला तो बदली म्हणून उतरायचा, १९८८ च्या युरोत स्पेनविरुद्ध गोल मारला. १९९० ला वर्ल्डकप घरीच, आणि सगळ्या इटलीला वाटत होतं ही स्पर्धा वियालीची.

त्या वर्ल्डकपच्या मॅच दूरदर्शनवर लागायच्या, मी शाळेत होतो, आमच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून रात्री साडेबाराला शेजारच्या काकांच्या घरी सतरंजीवर बसून बघायचो. इटली विरुद्ध अमेरिका, वियाली पेनल्टी मारायला आला, बॉल पोस्टला लागून बाहेर, आणि काका म्हणाले "गेला हा." पुढच्या मॅचला शिल्लाची आणि बाज्जो आले आणि इटलीला नवे हिरो मिळाले. सेमीफायनलला अर्जेंटिनाविरुद्ध त्याला परत घेतलं, शिल्लाचीचा गोल वियालीच्याच शॉटच्या रिबाउंडवर झाला हे लोक विसरतात. ती मॅच पेनल्टीवर गेली आणि इटली बाहेर.

नंतर आरिगो साक्की नॅशनल कोच झाला आणि दोघांचं जमलं नाही. डिसेंबर १९९२ ला माल्टाविरुद्धची शेवटची मॅच, तेव्हा तो २८ चा होता फक्त. म्हणजे त्याचं सगळ्यात परिपक्व फुटबॉल, प्रश्न ९ मधलं, इटलीच्या निळ्या शर्टात कुणी बघितलंच नाही.

११. चॅम्पियन्स लीग जिंकून चेल्सीला कशाला गेला? आणि फुकट कसा काय मिळाला?

डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालामुळे. कॉन्ट्रॅक्ट संपलेला प्लेयर ट्रान्सफर फीशिवाय दुसऱ्या देशात जाऊ शकतो असं युरोपियन कोर्टाने सांगितलं, आणि त्याचा फायदा घेणाऱ्या पहिल्या मोठ्या नावांमध्ये वियाली आहे. चेल्सी तेव्हा आजची चेल्सी नव्हती, ११ वा नंबर वगैरे यायचा. रूड गुलिट खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही होता, त्याने वियालीला आणलं, मग दि मात्तेओ आणि झोला आले.

लीव्हरपूलविरुद्ध जानेवारी १९९७ ची एफए कपची मॅच शोधून बघा, हाफटाइमला ०-२ आणि शेवटी ४-२, त्यात वियालीचे दोन. पण गुलिटने त्याला बऱ्याचदा बेंचवरच ठेवलं. त्या वर्षीच्या एफए कप फायनलला तर अगदी शेवटी, झोलाच्या जागी, मिनिटभरासाठी उतरवलं.

१२. खेळता खेळता एकदम मॅनेजर कसा झाला? असं चालतं का?

तेव्हा इंग्लंडमध्ये चालायचं, प्लेयर-मॅनेजर म्हणायचे. डॅलग्लिशने लीव्हरपूलला तसंच चॅम्पियन केलं होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये गुलिटची आणि क्लबची नव्या कॉन्ट्रॅक्टवरून फाटली, टीम लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर असताना त्याला काढलं, आणि १२ फेब्रुवारीला वियालीच्या हातात टीम दिली. कोचिंगचा अनुभव शून्य! कालपर्यंत ज्यांच्याबरोबर जेवायला बसायचा त्यांनाच आता टीममधून वगळायचं. प्रीमियर लीगमधला तो पहिला इटालियन मॅनेजर, अँचेलोट्टी, रानिएरी, कोन्ते हे सगळे त्याच्या मागून आले.

१३. पहिल्या मॅचआधी शॅम्पेन वाटली हे खरं का?

खरं. १८ फेब्रुवारी १९९८, लीग कपच्या सेमीफायनलची दुसरी लेग, समोर आर्सेनल, आणि पहिली लेग चेल्सी १-२ हरलेली. मॅनेजर होऊन सहा दिवस झालेले. ड्रेसिंग रूममध्ये बोर्डावर आकृत्या काढून लेक्चर देण्याऐवजी त्याने सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी शॅम्पेन ओतली आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच चिअर्स केलं. कल्पना करा, गुलिटच्या जाण्याने अर्धी टीम नाराज, अर्धी घाबरलेली, आणि हा नवा साहेब ग्लास भरतोय. चेल्सी ३-१ ने जिंकली, फायनलला मिडल्सब्रोला २-० हरवून कप घेतला.

लोक ही गोष्ट मजा म्हणून सांगतात, पण मला त्यात त्याची मॅनेजर म्हणून खरी ताकद दिसते. माणसाच्या मनावरचं ओझं आधी उतरवायचं, डावपेच नंतर. टॅक्टिक्समध्ये त्याच्याहून हुशार कोच खूप झाले असतील, पण समोरच्याला आत्ता कशाची गरज आहे हे असं ओळखणारे थोडे.

१४. स्टॉकहोमची फायनल आणि झोलाचे ते १७ सेकंद, नक्की काय?

१३ मे १९९८, कप विनर्स कप फायनल, चेल्सी विरुद्ध श्टुटगार्ट. श्टुटगार्टचा कोच होता योआखिम ल्यव, तोच जो पुढे जर्मनीला वर्ल्डकप जिंकून देणार होता. झोला दुखापतीतून नुकताच उठला होता, म्हणून वियालीने त्याला बेंचवर ठेवलं आणि स्वतः दुसरा स्ट्रायकर फ्लोबरोबर खेळला. ०-० चालू होतं. ७१ व्या मिनिटाला फ्लो बाहेर, झोला आत, वाइझने पुढे बॉल सोडला आणि उतरल्यापासून १७ सेकंदांत झोलाने तो जाळ्याच्या वरच्या भागात ठोकला. १-०, तिथेच संपलं.

वियालीचं वय त्या दिवशी ३३ वर्षं ३०८ दिवस. युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, स्पर्धा जिंकणारा सगळ्यात तरुण मॅनेजर, आणि हा रेकॉर्ड १३ वर्षं टिकला. २०११ ला पोर्टोच्या व्हिलास-बोआसने युरोपा लीग जिंकून मोडला, तोही ३३ च वर्षांचा होता, फक्त तीनेक महिन्यांनी लहान.

१५. चेल्सीत ट्रॉफ्या पाच की तीन? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

मोजण्यावर आहे. लीग कप १९९८, कप विनर्स कप १९९८, युएफा सुपर कप १९९८ (रेआल माद्रिदला १-० हरवून, गोल पोयेतचा), एफए कप २००० (ॲस्टन व्हिलाविरुद्ध १-०, दि मात्तेओ), आणि चॅरिटी शील्ड २०००. असे पाच. काही लोक सुपर कप आणि चॅरिटी शील्ड एकाच मॅचच्या म्हणून सोडून देतात, मग तीन उरतात. कसंही मोजा, तोपर्यंत चेल्सीच्या कुठल्याच मॅनेजरने एवढं जिंकलं नव्हतं.

आणखी एक गोंधळ: १९९८ चा कप विनर्स कप प्लेयर म्हणून धरायचा की मॅनेजर म्हणून? दोन्ही. फायनलला तो स्वतः मैदानावर होता (प्रश्न १४). एफए कप २००० मात्र फक्त मॅनेजर म्हणून, कारण १९९९ ला त्याने खेळणं थांबवलं होतं.

१६. मग प्रीमियर लीग का नाही जिंकली?

१९९८-९९ ला फार जवळ गेले होते. ३८ मॅचमध्ये फक्त ३ हरले, चॅम्पियन मँचेस्टर युनायटेडपण ३ च हरली! फरक ड्रॉचा. चेल्सीच्या १५ मॅच ड्रॉ, ७५ पॉइंट, तिसरा नंबर. युनायटेडचे ७९. त्यात नोव्हेंबरमध्ये स्ट्रायकर कासिरागीचा गुडघा असा गेला की त्याचं करिअरच संपलं, आणि पुढे गोल मारायला माणूस कमी पडला. पुढच्या वर्षी स्ट्रायकर सटनला एक कोटी पौंडांना आणलं, त्याला गोल सापडेचनात. युरोपात मात्र कमाल केली, चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलला बार्सिलोनाला घरी ३-१ हरवलं आणि तिकडे एक्स्ट्रा टाइममध्ये ५-१ हरले. लीगमध्ये एकदा युनायटेडला ५-० आणि तरी सीझनच्या शेवटी पाचवा नंबर. मोठ्या मॅचला पेटून उठणारी आणि छोट्या मॅचला पॉइंट सोडणारी टीम होती ती, आणि ह्यात मॅनेजरचा वाटा आहे हे मीपण मान्य करतो.

१७. एकही ब्रिटिश प्लेयर नसलेली पहिली टीम त्यानेच उतरवली का?

हो. २६ डिसेंबर १९९९, साउदॅम्प्टनविरुद्ध. डे खूय, फेरर, थोमे, लबफ, बाबायारो, पेट्रेस्कू, देशाँ, दि मात्तेओ, आंब्रोसेत्ती, पोयेत, फ्लो. इंग्लिश लीगच्या शंभरावर वर्षांत असं पहिल्यांदा झालं. चेल्सी २-१ जिंकली, दोन्ही गोल नॉर्वेच्या फ्लोचे. मुद्दाम नव्हतं केलेलं, काहीजण दुखापतीने बाहेर होते. पेपरात तेव्हा गदारोळ झाला, आज असं झालं तर कुणी बातमीसुद्धा करणार नाही.

१८. एवढं जिंकून देऊनही चेल्सीने काढलं का?

१२ सप्टेंबर २०००, सीझनच्या फक्त पाच मॅच झाल्या होत्या, त्यात एकच विजय. महिनाभरापूर्वीच चॅरिटी शील्ड जिंकलेली. कारण पॉइंटांपेक्षा ड्रेसिंग रूम होतं, मोठ्या प्लेयरांशी खटके उडत होते, टीम सतत बदलण्यावरून नाराजी होती अशाच बातम्या तेव्हा येत होत्या. प्रश्न १२ मध्ये जे म्हटलं त्याचीच दुसरी बाजू ही. दोस्ताचा साहेब झालं की पहिले सहा महिने दोस्ती कामाला येते, आणि नंतर त्याच दोस्तांना बसवायला लागलं की ती कडू होते. मला तरी ते घाईचं वाटलं आणि अजून वाटतं. त्याच्या जागी क्लाउदिओ रानिएरी आला.

१९. वॉटफर्डला काय बिघडलं?

२००१ ला ग्रॅहम टेलरच्या जागी आला, क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. पगार मोठे, अपेक्षा त्याहून मोठ्या, आणि टीम आली चौदावी. त्यात मॅच दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही कंपनी बुडाली आणि त्या डिव्हिजनमधल्या क्लबांचे टीव्हीचे पैसेच गेले. २००२ च्या जूनमध्ये त्याला काढलं. ह्यावर जास्त सांगण्यासारखं नाही. त्यानंतर तो परत कधीच मॅनेजर झाला नाही, लंडनलाच राहिला, स्काय इटालियावर बोलायचा, गोल्फ खेळायचा, आणि मासिमो माउरो या जुन्या खेळाडूबरोबर एएलएस (मज्जातंतूंचा एक आजार) आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी फाउंडेशन चालवायचा. २०१९ ला गुंतवणूकदारांबरोबर सॅम्पदोरिया विकत घ्यायचा प्रयत्नही केला, पण व्यवहार जमला नाही.

२०. युरो २०२० मध्ये तो कोच होता का? बेंचजवळ तर दिसायचा.

कोच नाही. कोच मान्चिनी. (नाव युरो २०२०, पण कोविडमुळे खेळला गेला २०२१ ला.) वियाली 'कापो देलेगाझिओने', म्हणजे टीमच्या डेलिगेशनचा प्रमुख. कागदावर हे मानाचं पद, पण त्याने ते मोठ्या भावासारखं निभावलं. पहिल्या मॅचआधी बस चुकून त्याला हॉटेलवर विसरून निघाली, थांबवून त्याला घेतलं, आणि इटलीने तुर्कीला ३-० हरवलं. मग काय, पुढच्या प्रत्येक मॅचला त्याला मुद्दाम मागे सोडल्याचं नाटक करून बस निघायची आणि थांबायची, शुभशकुन म्हणून. टीमसमोर त्याने थिओडोर रूझवेल्टचं १९१० सालचं भाषण वाचून दाखवलं, बाहेर बसून टीका करणाऱ्यापेक्षा मैदानात धुळीने माखून लढणाऱ्याचं मोल सांगणारं.

११ जुलै २०२१, वेम्बली, इंग्लंडशी १-१, पेनल्टीवर ३-२. डोनारुम्माने साकाची पेनल्टी अडवली आणि मान्चिनी आणि वियाली एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. कुठल्या गावात रडत होते ते प्रश्न ७ वाचलेल्यांना सांगायला नको.

२१. पण वेम्बली तर पाडून नवीन बांधलं ना? मग तेच मैदान कसं?

बरोबर पकडलंत. जुनं स्टेडियम पाडलं आणि नवं २००७ ला सुरू झालं, जागा तीच. १९९२ चा पराभव, १९९७ चं ते एक मिनिट, १९९८ चा लीग कप, २००० चा एफए कप हे सगळं जुन्या वेम्बलीत, आणि २००० ची ती एफए कप फायनल जुन्या स्टेडियममधली शेवटची. त्यामुळे तिथे कप उचलणारा शेवटचा एफए कप मॅनेजर वियालीच. २०२१ चं नवं स्टेडियम, पण गाव तेच, आणि मित्रही तोच.

२२. युरोच्या वेळी तो आजारी होता का? टीमला माहीत होतं?

सगळ्यांना माहीत होतं. २०१७ ला पॅनक्रिआजचा कॅन्सर निघाला. वर्षभर त्याने जगाला कळू दिलं नाही, वजन उतरलेलं दिसू नये म्हणून शर्टाच्या आत स्वेटर घालायचा. नोव्हेंबर २०१८ ला स्वतःच मुलाखतीत सांगितलं. त्याला लढाई हा शब्द आवडायचा नाही. नको असलेला सहप्रवासी आहे, कधीतरी कंटाळून उतरून जाईल अशा अर्थाचं बोलायचा. २०२० ला बरा झाला होता, २०२१ च्या शेवटी परत उलटला, डिसेंबर २०२२ ला त्याने इटली टीमचं काम थांबवलं, आणि तीन आठवड्यांत गेला. घरात कॅन्सर पाहिलेल्या कितीतरी जणांनी मला ह्याच उत्तराबद्दल लिहिलंय. त्या स्वेटरबद्दल माझ्याही घरात बोलणं झालं होतं, माझे वडील केमोच्या दिवसांत दोन बनियनवर शर्ट घालायचे.

२३. भारताशी त्याचा काही संबंध?

थेट काही नाही. युव्हेंटसमध्ये त्याच्या शेजारी मोठा झालेला देल पिएरो २०१४ ला आयएसएलमध्ये दिल्लीकडून खेळला, एवढंच जवळचं. गोव्याच्या लोकांना आठवणारा इटालियन माणूस वेगळा, मार्को मातेरात्सी, तो कोच असलेल्या चेन्नईयनने २०१५ ला फातोर्ड्याला फायनलमध्ये एफसी गोवाला ३-२ हरवलं. मातेरात्सी डिफेंडर होता, नावांची सरमिसळ करू नका.

२४. एकच मॅच बघायची असेल तर कुठली बघू?

लोक मला म्हणतात सॅम्पची सांग, नाहीतर १९९६ ची फायनल. मी सांगतो ४ डिसेंबर १९९४, युव्हेंटस विरुद्ध फिओरेंतिना. तुरीनला युव्हे ०-२ मागे. ७३ व्या मिनिटाला वियालीचा गोल, तीन मिनिटांनी आणखी एक, २-२. सगळं स्टेडियम वेडं झालंय आणि हा सेलिब्रेशन करत नाही, जाळ्यात हात घालून बॉल काढतो, काखेत धरतो आणि सेंटरकडे पळत सुटतो. ८७ व्या मिनिटाला वीस वर्षांच्या देल पिएरोने हवेतून आलेला बॉल पायाच्या बाहेरच्या बाजूने उचलून गोलकीपरवरून टाकला, ३-२, आणि जग तो गोल लक्षात ठेवतं. तो बघाच, पण आधी व्हिडिओ थोडा मागे घ्या आणि बॉल काखेत घेऊन पळणारा तो टकला माणूस बघा.